बडोद्याचा मत्स्यविनोद

बडोद्यात गळ टाकून मासे धरायचे असतील, तर सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे प्राच्यविद्या मंदिराचं ग्रंथालय. तिथे 'मानसोल्लास' मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, 1130 च्या आसपास, हा ग्रंथ रचला. अध्याय बरोबर शंभर. राज्य कसं मिळवावं, ते कसं टिकवावं, हत्ती कसे पाळावेत, वडे कसे करावेत, संगीत कसं ऐकावं, असं सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात, याचीही राजाने नोंद घेतलेली आहे. आणि त्यातच मत्स्यविनोद नावाचा एक अध्याय आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, त्यांना चारा काय घालायचा आणि गळाला कसं लावायचं, हे राजाने शिस्तीत सांगितलंय. आपल्याकडे गळाच्या मासेमारीवर इतकं जुनं आणि इतकं पद्धतशीर लिखाण दुसरं क्वचितच सापडेल.

हा ग्रंथ छापला बडोद्याने. गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये जी. के. श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. पहिला खंड निघाला 1925 साली, दुसरा 1939 साली आणि तिसरा 1961 साली. पहिला खंड आला तेव्हा सयाजीराव महाराज गादीवर होते. तिसरा येईपर्यंत महाराज गेले, संस्थान गेलं, मुंबई राज्य फुटून गुजरात वेगळा झाला. काठावर तासन्‌तास हूं की चूं न करता बसायला किती चिकाटी लागते, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने गळ टाकणाऱ्याकडे जाऊ नये, संस्कृत पोथीच्या संपादकाकडे जावं.

एवढी विद्या घरात असताना बडोद्याच्या मराठी माणसाने मासे धरायला हरकत नव्हती. हौसही कमी नव्हती. गायकवाडी तलवारीमागोमाग गुजरातेत लेखणी आली, लेखणीमागोमाग कारकून आले आणि कारकुनांच्या पोटातून मासळीची तलफ आली. कायस्थ प्रभू मंडळी इथे कारकुनीपासून दिवाणगिरीपर्यंत चढली. 1802 साली इंग्रजांशी करार करणारे दिवाण रावजी आपाजी त्यांतलेच. माणसं अलिबाग-पेणच्या बाजूची आणि नोकरी अशा शहरात, जिथून समुद्र लांब आणि समोर राहणारे कांदासुद्धा न खाणारे. दोनशे वर्षांत या लोकांची भाषा बदलली. आम्ही बडोदेकर पाहुण्याला "बसा" म्हणत नाही, "बसा ने" म्हणतो. जेवणात साखर आली, डाळ गोड झाली. मासळीची तलफ मात्र जशी आली तशी आहे.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो अमेरिकेत ऱ्होड आयलंडला असतो. बडोद्यातच जन्मलेला, रावपुऱ्यात वाढलेला. आता दर हिवाळ्याच्या तोंडाला तो टॉटॉग नावाच्या माशामागे लागतो आणि थेट पाण्यातून मला व्हिडिओ कॉल करतो. कधी किनाऱ्यावरच्या खडकांवरून, कधी कयाकमधून. कयाक म्हणजे एकट्याने पाय लांब करून बसायची अरुंद होडी. तीत तो असा बसतो की आमच्या ताईला तो पाटावर जेवायला बसल्यासारखा दिसतो आणि ती इथून ओरडते, "अरे, मांडी घाल, पडशील!"

हा टॉटॉग काळपट, जाड ओठांचा, दगडांच्या कपारीत राहणारा मासा आहे. त्याचे दात बघण्यासारखे. पुढचे दात शंख-शिंपले खडकावरून उचकटायला आणि घशातले दात ते फोडायला. सावकाश वाढतो आणि तीस वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे भाच्याने धरलेला एखादा मासा भाच्याहून फार लहान नसतो. 2015 साली मेरीलँडच्या किनाऱ्यावर धरलेला टॉटॉग तेरा किलोंचा भरला, तो जागतिक विक्रम. पण त्याला धरायचं आमिष ऐकून आमच्या घरात जो हलकल्लोळ माजला, तो विक्रम ऐकून माजला नाही.

भाच्याने कॅमेरा खाली नेला. बादलीत हिरवट रंगाच्या छोट्या चिंबोऱ्या वळवळत होत्या. त्याने एक उचलली, कात्रीने तिचे दोन तुकडे केले, पाय तोडले आणि पायाच्या भोकातून गळ आत घालून कवचातून बाहेर काढला. मग शिशाचं वजन लावून सोडली सरळ खाली, खडकांत.

इकडे शांतता. मग ताई म्हणाली, "चिंबोरी टाकली?"

"हो, आई. त्याशिवाय टॉटॉग येत नाही."

"अरे, चिंबोरी फेकून मासा धरतात? त्या देशात हिशोब कोण करतं?"

भाच्याने समजावलं, की या चिंबोऱ्या मुळात युरोपातल्या. एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर अमेरिकेत आल्या आणि तिथल्या शिंपल्यांचा फडशा पाडायला लागल्या, त्यामुळे त्या जितक्या संपतील तितक्या बऱ्या. ताईला हा युक्तिवाद पटला नाही. तिच्या मते उपऱ्या चिंबोऱ्यांचं सुद्धा सार होतं. तिने पुढचा पाऊण तास त्या बादलीकडेच लक्ष ठेवलं. आमचं लक्ष दोरीवर होतं. टॉटॉग आधी ठोके देतो. टक, टक. भाचा बोट ओठांवर ठेवून आम्हाला गप्प करतो, जणू आम्ही बडोद्यात बोललो तर अटलांटिकमध्ये ऐकू जाणार आहे. लवकर झटका दिला तर मासा सुटतो, उशिरा दिला तर चिंबोरी खाऊन तो कपारीत शिरतो आणि दोरीसकट शिसंही जातं. बहुतेक वेळा शिसंच जातं. त्या दिवशी एक आला. भाच्याने तो पट्टीवर आडवा ठेवला, तोंड एका टोकाला, शेपूट दुसऱ्या टोकाला. सोळा इंच भरला नाही. सोळा इंचांहून लहान टॉटॉग ठेवला तर दंड होतो. भाच्याने तो परत पाण्यात सोडला.

आता ताई खरोखरच उठली. "चिंबोरी गेली, मासाही सोडला. मग हा तिथे करतोय काय?"

याला मासेमारीचा छंद म्हणतात, हे मी तिला सांगू शकलो असतो. पण बडोद्याच्या मध्यमवर्गीय घरात छंद म्हणजे हार्मोनियम, फार तर चित्रकला. ज्यात माणूस ओला होतो, पैसे जातात आणि संध्याकाळी घरी खायला काही येत नाही, त्याला आपल्याकडे छंद म्हणत नाहीत. त्याला साहित्य संमेलनाची कार्यकारिणी म्हणतात.

मासा सोडण्याच्या नियमावरून भाच्याने जरा टेंभा मिरवला. आमच्याकडे जून-जुलैत टॉटॉग धरायला पूर्ण बंदी, अंडी घालायचा हंगाम असतो, तुमच्याकडे असं काही आहे का, वगैरे. मी त्याला शांतपणे सांगितलं, की बाळा, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही केंद्र सरकारची 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते. तेच दोन महिने. पण तुमच्या माशाचं संरक्षण 1 ऑगस्टला संपतं. आमच्या बडोद्यातल्या माशाचं तिथे खऱ्या अर्थाने सुरू होतं. सरकारची बंदी उठते न उठते तोच श्रावण चालू असतो. श्रावण सरतो तोवर शेजारचे पर्युषण पाळायला लागतात आणि आपल्याला लाज वाटते. मग गणपती. मग पितृपक्ष, त्यात पितरांना चालत असलं तरी भटजींना चालत नाही. मग नवरात्र, आणि बडोद्याचं नवरात्र म्हणजे नऊ रात्री गरबा, तिथे मासळी खाऊन गेलेल्या माणसाला आपोआप जागा करून मिळते. दिवाळीनंतर कुठे मासा उघड्यावर येतो. ऱ्होड आयलंडच्या मत्स्यखात्याने आमचं पंचांग एकदा अभ्यासावं.

तरी भाच्याने त्या फोनवर मला डिवचलंच, "मामा, तुमच्या घराजवळून तर नदी वाहते. एक कयाक घ्या ने."

नदी वाहते. तिचं नाव विश्वामित्री. पावागडच्या बाजूने येते, बडोद्याच्या मधोमध वळणं घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. तिच्यात मासे आहेत. आणि तिच्यात मगरी आहेत. 2025 च्या फेब्रुवारीत झालेल्या गणतीत शहरातून जाणाऱ्या पात्रात चारशेहून जास्त मगरी भरल्या. इतर शहरांच्या नद्यांत लोक गणपती विसर्जन करतात, कपडे धुतात, पोहतात. आमच्याकडे नदी ही पुलावरून बघायची गोष्ट आहे.

ती कशी बघतात, तेही सांगतो. हिवाळ्यात सकाळी दहाच्या सुमाराला काळा घोड्याजवळच्या पुलावर उभे राहा. एक स्कूटर थांबते. चालवणारा उतरत नाही, एक पाय कठड्याला टेकून खाली बघतो. त्याला बघून दुसरी थांबते. मग शाळेची रिक्षा. खाली चिखलाच्या उतारावर एक मगर ऊन खात पडलेली असते. तोंड उघडं, डोळे अर्धवट, पाठीवर वाळलेल्या गाळाचा थर. शेजारी प्लास्टिकची पिशवी आणि त्या पिशवीवर पाऊल रोवून उभा एक बगळा. कुणीतरी म्हणतो, "मोटो छे, हों!" दुसरा त्याची लांबी सांगतो, तिसरा ती दोन फुटांनी वाढवतो. मगर एकदाही हलत नाही. पंधरा मिनिटं ती अशी पडून राहते आणि पूल गच्च भरतो. गळ टाकून बसणाऱ्याकडे जो संयम हवा असं भाचा सांगतो, तो पूर्णपणे त्या मगरीकडे आहे. फक्त तिच्या बाबतीत गळाच्या दुसऱ्या टोकाला कोण, हे ठरलेलं नाही.

भाच्याच्या कयाकची लांबी मी त्याला विचारून घेतली. साधारण बारा फूट. मोठी मगरही बारा फुटांच्या आसपास भरते. म्हणजे खालून वर बघणाऱ्या मगरीला कयाक कशी दिसेल, याचा विचार करा. आपल्याच आकाराचं एक निर्लज्ज जनावर आपल्या हद्दीत, आपल्या डोक्यावर, पाठीत माणूस रोवून संथपणे चाललंय. नर मगर आपली हद्द राखण्याबाबत किती कडक असतो, ते प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आहे. मी तो प्रयोग विज्ञानासाठीसुद्धा करणार नाही.

शिवाय मगर हा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे. तिने मला हात लावला तर तो अपघात, मी तिला लावला तर गुन्हा. बडोदेकरांना हे इतकं अंगवळणी पडलंय, की 2024 च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला महापूर आला आणि मगरी रस्त्यांवर, सोसायट्यांत, एक तर चक्क छपरावर येऊन बसली, तेव्हा लोकांनी आरडाओरडा करायच्या आधी वनखात्याला फोन केले. दोन तरुणांनी तर एक मगर स्कूटरवर मांडीवर आडवी घेतली आणि ती वनखात्याकडे पोचवायला निघाले. तो व्हिडिओ देशभर फिरला. मला त्यात एकच प्रश्न पडला, की वाहतूक पोलिसाने याला ट्रिपल सीट धरायचं की नाही. चरोतरात मलातजला मगरींचं तळं आहे आणि तिथेच खोडियार मातेचं देऊळ. मगर हे तिचं वाहन. बडोद्याच्या आसपास मगरीशी वैर घेणं म्हणजे एकाच वेळी कायद्याशी आणि देवीशी घेणं.

शहरातल्या तळ्यांतल्या होड्यांविषयी इथे काही लिहीत नाही. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तळ्यात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची होडी उलटली, त्यानंतर बडोद्यात त्या विषयावर विनोद सुचत नाही.

नदी नाही, तर मग समुद्र. नकाशावर बघितलं तर खंभातचं आखात बडोद्यापासून दोन-अडीच तासांवर. जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव आहे. भरतीला ते देऊळ पाण्यात बुडतं आणि ओहोटीला पुन्हा वर येतं, रोज. माणसं हा चमत्कार बघायला गर्दी करतात आणि गळवाल्याने त्यातून घ्यायचा बोध घेत नाहीत. खंभातच्या आखाताची भरती जगातल्या मोठ्या भरत्यांत मोजली जाते, काही जागी पाणी दहा मीटरच्या वर चढतं. म्हणजे सकाळी तुम्ही कयाक पाण्यात लोटली आणि दुपारी डबा उघडला, तर तुमच्याखाली समुद्र नसतो. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत चिखल असतो आणि त्यात तुम्ही, पाय लांब करून. खडक औषधाला नाही, त्यामुळे टॉटॉगसारखा कपारीतला मासा नाही. चिखलावर उड्या मारणारे निवटे मात्र असतात. ते होडीजवळ येऊन बटबटीत डोळ्यांनी तुमच्याकडे बघतात. त्यांच्याकडे पाण्याबाहेर टिकून राहायची सोय आहे. तुमच्याकडे नाही.

खरं म्हणजे खडकाळ किनारा बडोद्याकडे एके काळी होता. ओखामंडळ गायकवाडांचं होतं. द्वारका, बेट द्वारका, सगळं. सयाजीरावांनी तर जेम्स हॉर्नेल नावाच्या सागरी प्राण्यांच्या जाणकाराला बोलावून तिथल्या समुद्राची पाहणी करवली. मोत्यांचे शिंपले, शंख, प्रवाळ, काय सापडतं ते त्याने तपासलं. त्याच्या अहवालाचा पहिला भाग 1909 साली आणि दुसरा 1916 साली प्रसिद्ध झाला. मराठी राजा, कवळाण्याच्या शेतातून उचलून गादीवर बसवलेला, त्याला ओख्याच्या खडकांत काय जिवंत आहे हे जाणून घ्यावंसं वाटलं, याचा मला अभिमान आहे. तक्रार एवढीच, की या अहवालाचा बडोद्याच्या स्वयंपाकघरांपर्यंत काही उपयोग पोचला नाही. ओखा आता बडोद्याहून लांबच्या रेल्वेप्रवासावर आहे. सौराष्ट्र मेल घ्यावी लागते. त्या गाडीत आजूबाजूचे प्रवासी द्वारकेच्या दर्शनाला निघालेले असतात. बर्थवर गळाची काठी ठेवलीत तर "दर्शन माटे?" असं कुणीतरी प्रेमाने विचारतो, आणि तुमच्या तोंडून हो निघून जातं.

तेव्हा बडोदेकराचा गळ म्हणजे मासळीबाजारातली त्याची नजर. तिथे आम्ही कुणाला हार जात नाही. वेरावळचा पापलेट बर्फात किती दिवस राहिलाय, हे आम्ही कल्ला न उचलता सांगतो. उचलतो, पण ते नुसतं विक्रेत्यावर दडपण आणायला. नदीतला रोहू-कटला आम्ही बंगाली शेजाऱ्यांसाठी सोडतो. आणि पावसाळ्यात नर्मदेचा पाला येतो, तेव्हा मात्र पंचांग आडवं येऊनही माणसं बधत नाहीत. गुजराती लोक त्याला चाकसी म्हणतात, बंगाली हिलसा. समुद्रातून अंडी घालायला तो नर्मदेत वर चढतो आणि भरूचजवळ भाडभूतच्या भागात सापडतो. आता तिथे नदीवर बंधारा होतोय आणि पाल्याची वाट अडेल म्हणून मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. चवीबद्दल बोलायचं तर या माशापुढे टॉटॉग चिंबोरीच खात बसो. काटे मात्र असे, की जेवताना घरात राजकारणावर चर्चा करता येत नाही, आणि म्हणूनही तो मला प्रिय आहे.

पकडण्यातली सगळी झुंज आमच्याकडे बाजारानंतर सुरू होते. पिशवी दुहेरी, वर कोथिंबिरीची जुडी दिसेल अशी. लिफ्टने यायचं नाही, जिन्याने यायचं, कारण लिफ्टमध्ये वास मागे राहतो आणि पुढच्या माणसाला त्याचं कूळ कळतं. घरात शिरताच खिडक्या बंद, पंखा चालू, उदबत्ती तयार. खवले वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती पिशवी सकाळी कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने. सोसायटीतलं मांजर या सगळ्या गोपनीयतेला जुमानत नाही. ते दारात येऊन बसलं की मजल्यावर सगळ्यांना कळतं.

पण खरं सांगायचं तर कळलेलं सगळ्यांना आधीपासूनच असतं. समोरच्या बेन पंचवीस वर्षं आमच्या दारावरून जाताना विचारतात, "शुं बनाव्युं आजे?" आणि आमची ताई तितकीच वर्षं उत्तर देते, "बटाकानुं शाक." बेन मान डोलावतात. एकदा पाल्याच्या दिवशी ताईने असंच सांगितलं, तर बेन म्हणाल्या, "बटाका भरूचथी आव्या लागे छे." आणि हसत घरात गेल्या. तासाभराने त्यांनी ढोकळ्याची ताटली पाठवली. तोंड बदलायला, असा निरोप होता.

बडोद्याला आलात तर आमच्याकडे जेवायला या ने. फोन करून या, म्हणजे बाजारात वेळेवर जाता येईल. काठी, गळ, कयाक काही आणू नका. आणि जिन्यात कुणी विचारलंच, तर बटाट्याची भाजी खायला आलोय, असं सांगा.